मुग्धा, आपली अमाने हसतेय

पुणे, रविवार, रात्री उशिरा

प्रिय मुग्धा,

फोनवर हे सांगता येणार नाही. मध्येच ओवी काहीतरी सांडणार आणि तू "थांब गं, करते" म्हणून गायब होणार. म्हणून लिहितेय. मी बरी आहे, आईची शुगर आटोक्यात आहे. झालं.

आता ऐक. पिक्सिव्हवरच्या, त्या चित्रांच्या साइटवरच्या, आपल्या जुन्या खात्यावर मेसेज आलाय. जपानमधली कुणी मुलगी आहे. तिनं अमाने काढलीय. आपली अमाने, गाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मिकूवरून आपण रचलेली! रेनकोटचं तुटलेलं बटण, छत्रीची उलटी झालेली एक काडी, कपाळाला चिकटलेली ओली बट, सगळं जिथल्या तिथे. पण मुग्धा, ती हसतेय. दात दिसतील अशी.

मी कितीतरी वेळ ते चित्र मोठं करकरून बघत बसले. सुंदर आहे गं. रेष तुझ्यापेक्षा मऊ आहे, रंग जरा जास्तच गोड. डोळ्याखालचा थेंब तिनं ठेवलाय, पण आता तो पावसाचाच वाटतो. अमाने का हसत नाही हे तुला न मला माहीत. त्या जुलैनंतर आपण कुणालाच सांगितलं नाही, अगदी बंड्यालासुद्धा नाही. मग त्या पोरीला कुठून कळणार?

डिसेंबरच्या कॉमिकेतला, टोकियोतल्या त्या हौशी पुस्तकांच्या जत्रेला, ती स्वतः छापलेलं छोटं पुस्तक घेऊन बसणार आहे. त्यात ही अमाने घेतली तर चालेल का, असं विचारतेय. इतकं अदबशीर जपानी की सेन्सेईंनी वर्गात वाचून दाखवलं असतं. बाकीची तयारी तिची पक्की आहे. मूळ मिकू क्रिप्टॉन कंपनीची, फुकट वाटायचं तर त्यांची मुभा आहेच. छपाईचा खर्च निघण्यापुरते पैसे घ्यायचे म्हणून पिआप्रो लिंक या त्यांच्या परवानगीच्या सोयीवर अर्जही करतेय. राहिलो आपण दोघी. न विचारता छापलं असतं तरी तिला कोण अडवणार होतं? तरी विचारलं, याचंच मला फार वाटलं.

आणि आपण तरी कुणाला विचारलं होतं? चित्रकार केईनं काढलेली मिकू उचलली, तिच्या दोन्ही शेंड्या सोडल्या, तिला पावसात उभं केलं. आवाजासाठी तू तो आवाज बायकी-पुरुषी करणारा जेंडर फॅक्टर ६४ वरून वर वर नेत बसलीस आणि शेवटी ती घसा बसलेल्या भाजीवाल्यासारखी गायला लागली. रानडे इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर आपण हसून लोळलो होतो!

या सगळ्या अशु मंडळींचा, म्हणजे मिकूवरून लोकांनी काढलेल्या पात्रांचा, जन्मच असा आहे. मिकू बाजारात आली ३१ ऑगस्ट २००७ ला. सप्टेंबर संपायच्या आत ओटोमानियाच्या व्हिडिओसाठी तामागोनं ती बुटकी हाचुने काढली आणि हातात नेगी दिली. (तुझ्या भाषेत कांद्याची पात. मी तेव्हाही चिडायचे, आताही चिडते.) पुढे अधिकृत बाहुल्यांच्या हातातही तीच पात आली. नेरूचं तर बघ. २चॅनेल या जपानी चर्चेच्या साइटवर लोक मिकूच्या धाग्यांत येऊन 'कंटाळा आला, झोपतो' असल्या पिंका टाकून जायचे. कुणीतरी त्या पिंकांमधून मोबाइलवर डोळे खिळवलेली, पिवळ्या केसांची फुरंगटलेली पोरगी काढली, आणि लोकांनी तिच्यावर जीव लावला. मला आजही हे फार मोठं वाटतं. वाईट बोलणाऱ्यांशी भांडत न बसता त्यांच्या बोलण्यातूनच एक माणूस घडवायचं.

तेतोवरून आपण जे भांडलो ते उकरायचं नाहीये, पण उकरतेच. तुझं बरोबर होतं. नवी गाणारी पोरगी आलीय अशी १ एप्रिल २००८ ची ती थाप होती, मिकूची अशु नव्हेच. पण २०२३ मध्ये तिचा सिंथेसायझर व्ही या दुसऱ्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरचा रीतसर आवाज आला तेव्हा पहिला मेसेज मी तुलाच केला होता, आणि तू फक्त अंगठा पाठवलास. अंगठा, मुग्धा!

माझी लाडकी मात्र हाकूच. सॉफ्टवेअर हौसेनं घेतलं आणि गाणं काही जमेना, अशा सगळ्यांची ती. कॅफेननं ती काढली, मग दुसऱ्यांनी तिच्यासाठी गाणी रचली, तिसऱ्यांनी नाचवली, २००९ मध्ये ती प्रोजेक्ट दिवा या गेममध्येही आली. या पोरी पहिल्या हातात राहिल्याच नाहीत, म्हणून टिकल्या. डोक्याला हे सगळं पटतं. पण ते दात दिसले आणि पोटात कालवलं.

खरी काळजी तुझीच आहे. अमानेचा चेहरा तुझा, मी नुसती तिची गोष्ट रचत होते. तू पेन खाली ठेवलंस त्याला आता वर्षं झाली. का ठेवलंस हे मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. हे चित्र बघून तुला बरं वाटेल की कुणी घरात शिरून सामान हलवल्यासारखं होईल, याचा अंदाज मला येत नाहीये, आणि तुझ्या बाबतीत असं मला कधी होत नाही.

मला विचारशील तर 'हो' म्हणू या. हसू तसंच राहू दे. ते तिचं आहे, आपली न हसणारी आपल्याकडे आहेच. पण तू 'नाही' म्हणालीस तर मी तिला नीट, गोड शब्दांत नाही कळवीन आणि तुझ्याशी वाद घालणार नाही.

नाशिकचं घर लागलं का? बढतीचं अभिनंदन करायचं राहिलंच होतं. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? ओवीला पापा.

प्रेसला फाइल द्यायची म्हणून तिला गुरुवारपर्यंत उत्तर हवंय. पहिलं पेन्सिलचं स्केच तुझ्या निळ्या फाइलीत असेल, बंड्यानं चहा सांडलेलं. तुझ्या मनात असेल तर त्याचा फोटो काढून ठेव, तिला पहिल्या पानावर आवडेल. तिचं चित्र मी या मेलला जोडलेलं नाही. बघायचं असेल तर सांग, लगेच पाठवते.

तुझी,
वृंदा