विषय : बिलापेक्षा जास्त रक्कम कार्डावर अडकवल्याबद्दल, आणि वेटरबद्दलची माझी तक्रार मागे घेण्याबद्दल

नमस्कार,

शनिवारी रात्री आम्ही चौघं तुमच्याकडे जेवलो, बिल माझ्या डेबिट कार्डावर दिलं आणि टिप वेटरच्या हातात कॅश दिली, कारण मला तेच बरं वाटतं, पैसे ज्याचे त्याला लगेच मिळतात. स्लिपवर टिपच्या जागी आडवी रेघ मारली, खाली टोटल परत लिहिली, सही केली. कॉपी अजून माझ्याकडे आहे.

सकाळी ॲप उघडून बघतो तर बिलापेक्षा बरोब्बर 20 टक्के जास्त गेलेले! डोकंच फिरलं. कॅश घेऊन वर स्लिपवर पण आकडा टाकला त्याने, असंच वाटलं मला, आणि मी फोन करून मॅनेजरला तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले "बघतो, त्याच्याकडून वळते करून घेऊ". होल्डबद्दल, म्हणजे कार्डावर रक्कम तात्पुरती अडकवून ठेवण्याबद्दल, एक शब्द नाही.

सोमवारी बँकेने सांगितलं तेव्हा कळलं की ते पैसे गेलेच नव्हते, नुसते ब्लॉक होते. तुमचं मशीन टिप किती येईल ते माहीत नसताना आधीच वाढीव रकमेची मंजुरी घेऊन ठेवतं, खरा आकडा नंतर दिवसाचा हिशोब बंद करताना जातो. आता तो आकडा आला, पण आधीचा होल्ड सुटला नाही, म्हणून खात्यात दोन्ही दिसतायत. क्रेडिट कार्ड असतं तर नुसती लिमिट अडकली असती, इथे माझेच पैसे अडकले आणि सोमवारचा हप्ता बाउन्स झाला, त्याचा दंड वेगळा. बँक म्हणते काही दिवसांत आपोआप सुटेल, लवकर हवं तर दुकानदाराला, म्हणजे तुम्हाला, रिव्हर्सल (होल्ड सोडण्याची सूचना) पाठवायला सांगा. तुमचे लोक म्हणतात बँकेला विचारा. मी काय चेंडू आहे का?

तर पहिलं म्हणजे त्या वेटरचे काही पैसे कापले असतील तर ते आज परत करा, आणि त्याची काही चूक नव्हती हे ज्यांच्यासमोर त्याला विचारलंत त्यांच्यासमोरच सांगा. माझी तक्रार चुकीची होती, मी ती मागे घेतोय. (माणूस फार अदबीने वाढत होता हो, तेच जास्त लागलंय मनाला.) रिव्हर्सल आजच पाठवा आणि बँकेला दाखवायला त्याचा नंबर मला द्या. हप्त्याच्या दंडाचं काय करताय तेही लेखी कळवा.

आणि स्लिपवर टिपच्या रेघेखाली एवढं छापा की "कार्डावर तात्पुरती जास्त रक्कम अडकू शकते". हे मला शनिवारी माहीत असतं तर मी तो फोन केलाच नसता.

स्लिपचा आणि खात्याच्या दोन्ही नोंदींचा फोटो सोबत जोडलाय.

तुमचा एक ग्राहक