कोकराचा मोडलेला पाय आणि आवळलेली चिंधी

महोदय,

भाताची कापणी-झोडणी उरकली की माळशेज घाट उतरून मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कुटुंबकबिल्यासह फिरणारे त्यांचे तळ, मुरबाड तालुक्यात येतात आणि खतासाठी शेतकरी आपल्या खाचरांत मेंढ्या बसवून घेतात. टोकावड्याजवळच्या आमच्या शेतात गेल्या मोसमात असाच एक वाडा उतरला होता. एका रात्री कुत्र्यांना बुजून कळप वाघरीच्या, म्हणजे भोवती लावलेल्या जाळीच्या, आत सैरावैरा झाला आणि जेमतेम तीन आठवड्यांच्या एका कोकराचा पुढचा पाय गुडघ्याखाली नळीत मोडला. मी ठाण्यात नोकरी करतो. शनिवार-रविवार शेतावर असल्याने पुढचे सारे मला जवळून पाहता आले.

वाड्यावरच्या आजींनी हळद आणि अंड्याचा लेप लावून वरून लुगड्याची चिंधी करकचून बांधली. लेपाविषयी माझी तक्रार नाही. पण सकाळी पाहतो तो चिंधीखालचा भाग फुगलेला आणि खूर हाताला गार लागत होते. सोमवारी रजा टाकून पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 या क्रमांकावर फोन केला आणि दुपारी डॉक्टर आले, त्यांनी सर्वांत आधी ती चिंधी कापली. हाड मोडल्याने कोकरू सहसा दगावत नाही, पण आवळलेल्या पट्टीने रक्त अडले की पाय सडतो आणि मग ते हातचे जाते, असे त्यांनी आजींना न दुखावता समजावले.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याला लागणारे सामान बहुतेक आमच्याच पडवीत होते. नळजोडणीतून उरलेल्या पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा चिरून त्यांनी त्याचे पन्हळ केले, कातडीला बोचू नयेत म्हणून त्याच्या कडा निखाऱ्यावर ऊब देऊन बाहेर वळवल्या, पाय अलगद ताणून सरळ केला, खुरापासून कोपराच्या खालपर्यंत कापसाचा जाड थर गुंडाळला आणि त्यावर पन्हळ ठेवून चिकटपट्टी लावली. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले गेले नाहीत तर आधार देऊन उपयोग नसतो. खुरांची टोके मात्र त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली, कारण सूज, गारवा किंवा दुर्गंधी तिथेच आधी कळते. कोकरू झपाट्याने वाढते, म्हणून दर आठवड्याला पट्टी सोडून पुन्हा बांधायची होती. ते काम आजींच्या नातवाने चोख केले. चौथ्या आठवड्यात आधार काढला आणि त्यानंतरच्या मुक्कामाला ते कोकरू घोड्यावरच्या ओझ्यात न जाता आईमागून लंगडत का होईना, चालत गेले.

हा उपाय मांडीच्या किंवा खांद्यालगतच्या हाडाला लागू नाही. तिथे वरचा सांधा जखडता येत नाही आणि आधाराचे वजन मोडीवरच लोंबकळते. हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तरीही घरगुती खटाटोप न करता डॉक्टरच गाठावा. वेदनेसाठी घरातली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नये. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधावर 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात.

वाडे दर काही दिवसांनी मुक्काम हलवतात, त्यामुळे दवाखान्याच्या वेळा आणि त्यांचा मुक्काम जुळणे कठीण असते. अशा वेळी पहिली पट्टी मेंढपाळाच्याच हातून पडणार, हे धरून चालायला हवे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा येथे भरणाऱ्या जत्रेत जनावरांचा मोठा बाजार असतो. तिथे पशुसंवर्धन विभागाने एक मांडव टाकून पाईप, कापूस आणि चिकटपट्टी घेऊन ही बांधणी प्रत्यक्ष करून दाखवावी आणि वाड्यांवरील स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण लहान कोकरांची देखभाल बहुतेक त्यांच्याकडेच असते.

एक वाचक, ठाणे