गट जमला, आता पुढे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या धंद्यासाठी चौघांचा गट जमला हे वाचून फार बरं वाटलं. आकडा अगदी बेताचा आहे. सहा-सात जण झाले की दोघं राबतात आणि बाकीचे हजेरी लावतात.

कल्पना कुणाची भारी, यावर आठवडे घालवू नका. आधी गिऱ्हाइकांशी बोला, निदान वीस जणांशी. त्यात मित्र-नातेवाईक धरू नका, ते तुमचं मन राखतात. जोडीनं जा: एकानं विचारायचं, दुसऱ्यानं समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. "असं काही मिळालं तर घ्याल का?" हे विचारूच नका; हो म्हणायला कुणाचं काय जातं? "ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? किती खर्च झाला?" असं विचारा. ज्यानं त्या अडचणीपायी आजवर पैसाही घातला नाही आणि वेळही, तो उद्या तुमचा माल घेईल असं समजू नका. आणि वह्या त्याच संध्याकाळी चौघांनी मिळून वाचा. दोन दिवस गेले की सोयीचं तेवढंच आठवतं.

हिशेब एकाच्या गळ्यात टाकू नका, प्रत्येकाला तो तोंडपाठ हवा. समजा, नगाची किंमत 100, त्यावरचा खर्च 70, म्हणजे हाती 30. महिन्याचा स्थिर खर्च, म्हणजे माल विकला न विकला तरी होणारा, 12,000 असेल तर 400 नग विकल्यावर ना नफा ना तोटा. आता कुणी उत्साहानं 10 टक्के सूट जाहीर केली, की हाती उरतात 20 आणि लागतात 600 नग. सूट दहा टक्क्यांची, पण विक्री दीडपट करावी लागते! परत आलेला माल आणि वाहतूक या 70 मध्ये धरायला बहुतेक गट विसरतात.

धंद्यात कुणाची मालकी किती, या वाटणीचं बोलणं अवघड वाटतं, म्हणून सगळे ते लांबवतात. तू लांबवू नकोस. पैसे येण्याआधीच कागदावर घ्या. सरळ चार समान भाग करून मोकळं होऊ नका. हिस्सा चार वर्षांत थोडा-थोडा हक्काचा व्हावा आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडणाऱ्याला काही मिळू नये, ही रीत चांगली रुळलेली आहे. कुणी मध्येच गेलं तर उरलेल्यांचं काम अडत नाही. कुठल्या बाबतीत अखेरचा शब्द कुणाचा, हेही त्याच कागदावर लिहा.

नमुना बनवायला घेण्याआधी पहिल्या पाच मुलाखतींची टिपणं मला पाठव. प्रश्न कुठे चुकताहेत ते तेवढ्यावरून कळेल.

तुझाच,
मित्र