पाणीपातळीची बातमी वेळेसह द्या

महोदय,

कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आमच्या सांगलीच्या गावभागातली वयस्कर माणसं टीव्हीसमोरून हलत नाहीत. मी निवृत्त परिचारिका आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी सगळ्यांचं बीपी तपासून देते. पुराच्या दिवसांत ते हमखास चढलेलं असतं. खोदून विचारलं की कळतं, मध्यरात्र उलटून गेली तरी बातम्या चालूच होत्या, डोळ्याला डोळा नाही, बीपीची गोळी घ्यायची राहून गेली. अचानक घर सोडावं लागलं तर पंचाईत नको म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद केलेलीही माणसं असतात. हृदयाच्या रुग्णाने असं केलं तर अंगात पाणी साठून दम लागू शकतो.

भीती अनाठायी नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोका पातळी 45 फुटांची आहे. 2005 च्या पुरात पाणी आपल्या दारापर्यंत आलं नव्हतं, या भरवशावर कितीतरी आजी-आजोबा 2019 ला घरातच थांबले आणि नंतर त्यांना बोटीतून काढावं लागलं. म्हणून 'टीव्ही बंदच ठेवा' हा सल्ला मला पटत नाही. पाणी किती चढलंय हे त्यांना कळायलाच हवं.

त्रास होतो तो तीच तीच दृश्यं तासन्‌तास पाहून. 2013 साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक वेळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये मानसिक ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त असल्याचं संशोधकांना आढळलं. भीतीने नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या, त्यामुळे वरचं बीपी चटकन उसळतं. त्यात जागरण, आणि पाय लोंबकळत ठेवून दिवसभर बसल्याने पायांना सूज.

सर्वात जास्त राग येतो तो जुन्या व्हिडिओंचा. बुडालेल्या मारुती चौकाची 2019 ची चित्रफीत पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरते, 'अलमट्टीचे दरवाजे बंद', म्हणजे कर्नाटकातल्या या धरणामुळे इथलं पाणी तुंबणार, असा निनावी संदेश त्याच्या जोडीला येतो, आणि नातवाला पुण्यात फोन जातो, 'आम्हाला घेऊन जा.' काही वाहिन्याही जुनी दृश्यं तारखेशिवाय दाखवतात. हे ताबडतोब थांबायला हवं.

आपल्याकडे माझी विनंती आहे. पावसाळ्यात पहिल्या पानावर एक ठळक चौकट द्या: आयर्विन पुलाची पातळी, ती किती वाजता मोजली, पाणी चढतंय की उतरतंय आणि कोयनेचा विसर्ग. सोबत 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका हे दरवेळी लिहा. नुसते 'इतके हजार क्युसेक' वाचून सामान्य माणसाला अंदाज येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, आणि कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीत पोहोचायला बरेच तास जातात, हेही सांगा. जुना फोटो वापरलात तर त्यावर साल छापा. अक्षर मोठं ठेवा, मोतीबिंदू झालेल्यांनाही वाचता यावं.

अशी चौकट असेल तर घरातल्या कुणीतरी ती सकाळी वाचून दाखवावी, दुपारी आणि संध्याकाळी नवा आकडा सांगावा आणि मधल्या वेळात टीव्ही बंद ठेवावा, असं मला कट्ट्यावर सांगता येईल.

– एक निवृत्त परिचारिका, गावभाग, सांगली