संज्या, मामांना एक फोन कर

संज्या भावा,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे मेलवर लिहितोय, लांबलचक आहे, चहा घेऊन बस. दिवाळीपासून माझा फोन नाही, मान्य, तुझाही नाही, फिट्टंफाट. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर बॉर्डरवर, स्मिता ठणठणीत. झालं तब्येतीचं.

काल पोरांना घेऊन मामांच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. तुझ्याच मामांच्या, हो, तुला न सांगता. बालिंग्याचा पूल ओलांडला आणि पुढं वळणावर तो वास आला की नाही, स्मितानं गाडीची काच खाली केली आणि मी गप्पच झालो. मामांनी पहिला प्रश्न तोच टाकला, "आमचा भाचा कुठं हाय?" म्हटलं हैदराबादेत बिर्याणी खातोय. "खाऊ दे, गूळ कोण खाणार मग," म्हणाले. आवाज अजून तोच, चरकाच्या वरताण.

पण तिथं जे झालं ते सांगायच्या आधी मागचं सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणशील दिग्या गुळासाठी रडतोय.

रेवा आता दुसरीत आहे आणि तिला एक सवय लागलीय. काहीही संपलं, किंवा संपायच्या बेतात असलं, की विचारते, "आता काय करायचं?" रंकाळ्यावर नेलं, भेळ खाल्ली, घोड्यावर बसवलं, उतरायच्या आधीच, आता काय करायचं. न्यू पॅलेसला नेलं, त्या भुसा भरलेल्या वाघांसमोर दोन मिनिटं डोळे मोठे करून उभी राहिली, यांना कुणी मारलं विचारलं, बाहेर हरणं बघितली, मग आता काय करायचं. आणि बंड्या चार वर्षांचा, तो तिची री ओढतो, त्याला प्रश्न कळत पण नाही, नुसता सूर धरतो. मला सांग, आपण कधी आपल्या बापाला विचारलं का हे? माझ्या बापाला विचारलं असतं तर गिरणीवर दळण टाकून ये म्हणाला असता.

त्यात शाळेनं एक वही दिलीय. दर सोमवारी त्यात लिहायचं, रविवारी घरच्यांबरोबर काय केलं, फोटो चिकटवायचा, खाली दोन ओळी. पहिल्यांदा मला लई भारी वाटलेलं. आता शनिवार आला की मला ऑफिसच्या टार्गेटसारखं होतं. मागच्या महिन्यात खरंच असं झालं की पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी आम्ही फोटोसाठी थांबलो, बंड्या बघेना, परत काढला, रेवा हसेना, परत काढला, आणि मागं उभी असलेली साताऱ्याची फॅमिली म्हणाली अहो आम्हाला पण काढायचाय. एवढा जुना किल्ला, आता तर युनेस्कोच्या यादीत गेलाय, आणि आमची दगडाकडं पाठ.

तरी पन्हाळ्यानं एक केलं. शिवा काशीदांच्या पुतळ्यापाशी मी तिला सांगत होतो, 1660 साल, सिद्दी जौहरचा वेढा, बाहेर पाऊस, महाराज विशाळगडाकडं निघाले आणि हा महाराजांसारखा दिसणारा माणूस पालखीत बसून मुद्दाम शत्रूच्या हाती लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या आईला कुणी सांगितलं?" काय सांगू मी? मला येत नव्हतं उत्तर, स्मिताला येत नव्हतं. पण लेका, वाघबीळ उतरून घर येईपर्यंत पोरगी गप्प होती, आता काय करायचं एकदाही नाही. हे मी मनात टिपून ठेवलं.

मग कणेरी मठ. भारीच केलंय ते, खोटं कशाला बोलू, सुतार, लोहार, कुंभार, नांगर धरलेला शेतकरी, सगळे पुतळे माणसाएवढे, लांबून खरेच वाटतात. बंड्यानं एका म्हाताऱ्या आजीच्या पुतळ्याला आपलं बिस्किट दिलं, ती घेईना म्हणून भोकाड पसरलं, दुसरं चांगलं बिस्किट दिलं तरी घेईना. रेवा लोहाराकडं बघत उभी, म्हणाली हातोडा खाली कधी येणार. तिथल्या एका मावशीनं हसून सांगितलं, बाळ तो येत नाही खाली. मी हसलो तेव्हा, पण घरी आल्यावर डोक्यात बसलं ते.

खिद्रापूरलाही गेलो. कोपेश्वराचा स्वर्गमंडप तुला आठवतो ना, सहलीत तू डबा विसरला होतास आणि माझ्यातला अर्धा खाल्लास, त्याचे उपकार अजून फेडले नाहीस. तिथं 48 खांब म्हणतात, रेवाला मोजायला लावले, 47 भरले, परत मोजले तर 51. मग मधल्या गोल दगडावर दोघं उताणी पडून वरच्या गोलातलं आभाळ बघत राहिली, एक घार आली, गेली. मला वाटलं जमलं. उठल्या उठल्या आता काय करायचं. नरसोबाच्या वाडीला बासुंदी खाऊन तोंडं बंद केली.

स्मिताचं आणि माझं यावरनं वाजतं. तिचं म्हणणं क्लास लाव, चित्रकला, स्केटिंग, अबॅकस, उन्हाळ्यात कॅम्प, सगळ्यांची पोरं जातात. मी म्हटलं आम्ही कुठल्या कॅम्पला गेलो होतो, आम्ही डबा ऐसपैस खेळत गंगावेशीपर्यंत लपायला जायचो. तर ती काय म्हणाली ऐक. म्हणाली, "सोड मग तिला एकटीला गंगावेशीपर्यंत. आज सोड." बोलतीच बंद. नाही सोडणार मी, त्या ट्रॅफिकमध्ये मी स्वतः जीव मुठीत धरून जातो. म्हणजे तिचं चूक नाही. पण माझंही चूक नाही, हा त्यातला त्रास आहे.

(आणि हो, डबा ऐसपैसमध्ये तू दरवेळी पाटलांच्या गोठ्यातच लपायचास. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही मुद्दाम शेवटी शोधायचो.)

मधे काही गोष्टी जमल्या, त्या जमल्या कशा ते बघ. कपिलतीर्थ मंडईत तिच्या हातात 50 रुपये दिले आणि सांगितलं कोथिंबीर, मिरच्या, लिंबं तू घ्यायचीस, मी बोलणार नाही. पहिल्या मावशीनं फसवलं, दुसरीनं कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट दिला, उरलेली चिल्लर तिनं मुठीत दाबून घरी आणली आणि आईला हिशोब दिला. श्रावणात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नेलं, तिथं कामाची घाई, आमच्याकडं बघायला कुणाला वेळ नाही, एका काकांनी न विचारता मातीचा गोळा दिला आणि म्हणाले उंदीर कर. बास. बंड्याला तालमीत नेलं तर एका पैलवानानं त्याला उचलून तांबड्या मातीत सोडला, तो लोळला, माती खाल्ली, त्या मातीत दही, तेल, हळद, लिंबू असतं म्हटल्यावर आईनं पण माफ केलं.

तर माझ्या डोक्यात आलंय ते असं. पोरांसाठी म्हणून मुद्दाम केलेल्या जागेत पोरं कंटाळतात. जिथं मोठी माणसं आपापल्या खऱ्या कामात असतात आणि पोराला कोपऱ्यात जागा देतात, एखादं बारकं काम देतात, तिथं रमतात. तू म्हणशील दिग्या शहाणा झाला. शहाणा नाही, वैतागलोय, कारण अशा जागा राहिल्यात किती? माझ्या ऑफिसात नेऊन काय दाखवू, एक्सेल?

आता कालचं.

आम्ही पोचलो तेव्हा काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, तापलेली, रस उकळत होता, भेंडीचं पाणी सोडून झालेलं, काळी मळी वर आलेली आणि ती काढायचं चाललेलं. मामांनी आधी चिपाडानं जमिनीवर एक रेघ ओढली आणि पोरांना दम दिला, ही ओलांडली तर दोघांची ढेप पाडीन. रेवा रेघेवर बोटं टेकून उभी. वाफेनं चेहरा लाल, पण हलेना. मग मामांनी उलथण्यानं थोडा पाक काढून पाण्याच्या भांड्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली, आणि, संज्या, ती गोळी त्यांनी रेवाच्या हातात दिली. "हान त्या बादलीवर. काय आवाज आला सांग."

कळलं ना तुला? तेच काम! ज्याच्यावरनं आपण दोघं त्या बांधावर गुद्दागुद्दी केली होती, तू म्हणायचास माझे मामा म्हणून माझी पाळी, मी म्हणायचो पाहुण्याचा मान, आणि शेवटी दोघांनाही मामांनी चिपाडं वाळत घालायला पाठवलं. जगात हे एका तुलाच सांगण्यासारखं आहे, स्मिताला सांगितलं तर ती म्हणाली त्यात काय एवढं.

रेवानं गोळी मारली. थप्प. "अजून न्हाई," मामा म्हणाले. परत पाक, परत पाणी, परत गोळी. थप्प. तिसरी तिनं कान बादलीजवळ नेऊन मारली आणि टण्ण आवाज आला आणि ती इतक्या मोठ्यांदा "आलाऽऽ" ओरडली की चरकावरचा माणूस वळून बघायला लागला. मामांनी लगेच हाक दिली, चौघांनी काहील ओढून गार करायच्या वाफ्यात ओतली. म्हाताऱ्याला आधीच ठाऊक होतं रे, त्याला फेस बघूनच कळतं, तुला मला माहिताय. पण रेवाला वाटतंय गूळ तिच्या सांगण्यावरनं उतरला. वाटू दे.

दुपारभर ती तिथं होती. चिपाडं ओढली, राखेतली रताळी फुंकून खाल्ली, काकवीत बोटं घातली, फ्रॉकचं वाटोळं. बंड्या ढेपेला टेकून झोपला. आणि दिवसभरात तो प्रश्न नाही, मी वाट बघत होतो अक्षरशः. वहीसाठी फोटो काढायचा राहिला. आज वहीत तिनं चित्र काढलं, बादली, आणि बाजूला मोठ्या अक्षरात टण्ण.

निघताना मामांनी गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, गाडीत ठेवला, पैसे घेईनात, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पुढल्या साली येऊ नगा, चुलवाण पेटायचं न्हाई." मी म्हटलं चेष्टा करताय. तर नाही. माणसं मिळत नाहीत, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला जमेना झालंय, दोन्ही पोरं शिरोलीला एमआयडीसीत, आणि ऊस कारखान्याला घातला की तोडणीपासून वाहतुकीपर्यंत काही बघावं लागत नाही. सगळं बरोबर आहे त्यांचं. मी वाद घालणार कोण, मी वर्षाला एकदा फुकट काकवी खायला जाणारा.

पण रात्री झोप लागली नाही. एकतर पुढच्या वर्षी रेवाला काय सांगू. आणि दुसरं, मला तो कणेरीचा लोहार दिसायला लागला, मी विचार करत पडलो की मामांचा पुतळा केला तर मिशा जमतील का कुणाला. हसू नकोस, पहाटे दोनला असंच सुचतं.

त्यामुळं काम सांगतो. तू मामांना फोन कर. गुऱ्हाळ चालू ठेवा म्हणू नकोस, तुझ्या सांगण्यावर ते धोतराची गाठ पण बांधणार नाहीत. एवढंच विचार, की चुलवाण बंद झालं तरी पोरांना शेतावर काही ना काही कामाला ठेवाल का, शेंगा तोडायला, भात लावायला, काहीही, फक्त दम देऊन, पाहुणे म्हणून नाही. मी विचारलं तर ते मानपान काढतील, सतरंजी अंथरतील, सगळा विचका. तू भाचा आहेस.

आणि मार्चपर्यंत चालू आहे म्हणाले, तेवढ्यात कबीरला घेऊन ये. तुझ्या बदलीचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का, वहिनींची परीक्षा होती ना, बरी गेली असेल. कबीर बोलायला लागला म्हणतोस, तेलुगू बोलतोय का मराठी ते कळव. येताना जुने कपडे आणा त्याचे, काकवीचे डाग निघत नाहीत. आलास तर शाहू स्टेडियमला फुटबॉलची एक मॅच पण बघू, पोरांना घेऊन, फक्त रेवासमोर ती पेनल्टी काढायची नाही. ती पेनल्टी नव्हतीच. तुम्ही पाटाकडील तालमीच्या टीमवाले आयुष्यभर तेच धरून बसा.

मामांना फोन सकाळी सहाच्या आत कर, नंतर चरक सुरू होतो आणि त्यांना ऐकू येत नाही, मग उगाच ओरडतील आणि तू म्हणशील चिडले.

तुझा,
दिग्या

ता.क. रवा स्मितानं फोडलाय, तुझ्या वाटणीचा तुकडा पेपरात बांधून ठेवलाय. मुंग्या लागायच्या आत ये.