‘पाण्याची’ हा शब्द न मोडणाऱ्या माणसास

सप्रेम नमस्कार,

इंग्रजीत तुमचे आभार मानून झालेत. त्यावर ‘त्यात काय एवढं’ अशा अर्थाचं एका ओळीचं उत्तरही तुम्ही पाठवलंत. पण त्यात बरंच काही होतं, आणि ते मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, पण मुलांनी ओळीओळीने अर्थ लावून द्यायचं कबूल केलंय. शिवाय इथल्या लोकांनाही कळू दे, की चिलीतल्या एका माणसाने आमच्या एका जोडाक्षरासाठी किती रात्री जागवल्या.

आमची शाळा मालवण तालुक्यातली. गेल्या जूनमध्ये आठवीच्या मुलांनी ठरवलं, की सिंधुदुर्ग किल्ला कॉम्प्युटरवर उभा करायचा, आत शिरून फिरता येईल असा. ब्राउझरमध्येच आभासी जग बनवायचं एक मोफत साधन आम्हाला मिळालं होतं. त्यात ठोकळ्याला ठोकळा जोडत जायचा, की वस्तू कामाला लागतात: माणूस जवळ आला की दरवाजा उघडतो, विहिरीत डोकावलं की फलक दिसतो. जिथे ठोकळ्यांनी भागत नाही, तिथे ठोकळ्यावर दोनदा क्लिक करायचं. मग एक छोटासा कोड एडिटर उघडतो आणि त्यात अटी, मजकूर वगैरे लिहायचा. आमचं घोडं अडलं ते या एडिटरपाशी.

१६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्याला चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्या मुलांनी किल्ला लहानपणापासून पाहिलाय, तरी त्या विहिरींचं नवल त्यांना अजून आहे. त्यामुळे पहिला फलक विहिरीचाच ठरला. एका मुलीने टाइप केलं, ‘गोड्या पाण्याची विहीर’. शब्द उमटले बरोबर, पण कर्सर अवतरणचिन्हाच्याही कितीतरी पुढे, कोऱ्या जागेत लुकलुकत होता. ‘बाई, कर्सर खंय गेलो?’ तिने विचारलं. मग माउसने ‘विहीर’च्या शेवटी क्लिक करून तिने एकदा बॅकस्पेस दाबला. ‘विहीर’ला धक्काही लागला नाही. मोडला तो मधला शब्द, ‘पाण्याची’चं ‘पाणयाची’ झालं. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. पुढे दोन आठवडे हेच. कधी मात्रा गळायची, कधी अवतरणचिन्ह खाल्लं जायचं आणि अख्खा किल्लाच चालायचा बंद व्हायचा.

कारण काय, ते तुमच्यामुळे कळलं. आपल्या डोळ्यांना त्या फलकावर आठ अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा दिसतात, म्हणजे सगळं मिळून दहा. कॉम्प्युटरच्या हिशेबी तिथे एकवीस चिन्हं आहेत, कारण काना, वेलांटी, जोडाक्षरातली पाय मोडायची खूण हे सगळं तो सुटं सुटं मोजतो. तो जुना एडिटर अशा प्रत्येक चिन्हाला एकेक सारखा चौकोन देऊन कर्सर कुठे उभा करायचा ते ठरवत होता. रोमन अक्षरांना हे चालतं. आमच्या लिपीत मात्र अक्षर एकीकडे आणि कर्सर दुसरीकडे.

पण तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काय काय ऐकून घेतलं, तेही आज लिहिते, कारण ते अजून खुपतं. साधन बनवणाऱ्यांना कळवलं, तर पहिलं उत्तर आलं, ‘आमच्याकडे व्यवस्थित चालतंय.’ त्यांच्याकडे मराठी कुणी टाइप करून पाहिलं होतं का, या माझ्या प्रश्नाला उत्तरच नाही. दुसऱ्यांदा तक्रार लिहिली, चित्रं जोडली, तर बरेच दिवस काही हालचाल नाही म्हणून ती आपोआप बंद झाली. हालचाल त्यांनीच करायची होती! एका प्रशिक्षणात तज्ज्ञ म्हणून आलेल्या गृहस्थांना विचारलं, तर सगळ्या शिक्षकांसमोर ते म्हणाले, ‘मॅडम, कोडिंग इंग्रजीतच करायचं असतं, मुलांना उगाच वाईट सवय लावू नका.’ मुलांनी आज्ञा इंग्रजीतच लिहिल्या होत्या. मराठी होता तो किल्ल्यातल्या विहिरीवरचा फलक. एवढा फरकही त्यांनी समजून घेतला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी लॅबमध्ये गेले, तर त्या मुलीने फलक बदललेला. रोमन अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्वीट वॉटर वेल’. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, ‘बाई, असं लिहिलं की मोडत नाही.’

त्या रात्री मी तिसऱ्यांदा लिहिलं, खरं सांगायचं तर रागानेच. त्यावर तुमचं उत्तर आलं. तुम्ही त्या साधनाचे मालक नाही की पगारी नोकर नाही, फावल्या वेळात काम करणारे एक. तुम्ही लिहिलंत, ‘मला ही लिपी येत नाही. जिला अडचण आली तिलाच मी विचारू शकतो का?’

पुढचं तांत्रिक काम तुम्ही कसं केलंत ते सगळं मला कळलेलं नाही. जुना एडिटर काढून तुम्ही कोडमिरर नावाचा दुसरा तयार एडिटर बसवलात, आणि तो चौकोन मोजत बसत नाही, अक्षर प्रत्यक्ष कुठे उमटलंय ते ब्राउझरलाच विचारतो, एवढं समजलं. कर्सर जागेवर आला. तिथेच थांबला असतात तरी आम्ही तुमचे आभारच मानले असते.

पण तुम्ही थांबला नाहीत. एका सकाळी तुमच्याकडून एक फोटो आला. वहीच्या कागदावर तुम्ही स्वतःच्या हाताने, निळ्या पेनाने ‘गोड्या पाण्याची विहीर’ लिहिलं होतं. त्याखाली तिच्याच दुसऱ्या फलकावरचा ‘किनाऱ्यावर’ हा शब्द. अक्षरं कापरी, एकमेकांपासून फटकून असलेली. शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी. ‘ऱ्या’मधला र तुम्हाला कसा काढायचा ते कळलं नसावं, तिथे नुसती एक आडवी रेघ होती. आणि अक्षरांच्या मध्ये लाल उभ्या रेघा. खाली प्रश्न: ‘बाणाची कळ दाबत गेलं तर कर्सर या ठिकाणी थांबायला हवा, असं मला वाटतं. माझं कुठे चुकतंय ते सांगशील?’

मी तो कागद छापून मुलीला दिला. तिने तो किती वेळ हातात धरला होता! कुणीतरी मोठा माणूस, परक्या देशातला, तिची अक्षरं गिरवून बसला होता, आणि चूक काढायला तिला सांगत होता. तिने माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं. ‘ण्’ आणि ‘या’च्या मधली रेघ तिने फुली मारून खोडली आणि लिहिलं, ‘इथे थांबायचं नाही, हे एकच अक्षर आहे.’ ‘गोड्या’तही तसंच. आडव्या रेघेभोवती गोल करून लिहिलं, ‘ही रेघ नाही, हा र आहे.’ मग मला म्हणाली, ‘बाई, त्यांना सांगा, बाणाने जाताना अख्खं अक्षर ओलांडलं पाहिजे, पण बॅकस्पेसने अख्खं पुसायचं नाही. वेलांटी चुकली तर वेलांटीच पुसली पाहिजे.’ हे मला सुचलं नव्हतं. रोज मराठी टाइप करणाऱ्या बोटांनाच ते ठाऊक असतं. तुम्ही तिचं म्हणणं जसंच्या तसं स्वीकारलंत. आमची मधली सुट्टी म्हणजे तुमची मध्यरात्र उलटून गेलेली, तरी त्या आठवड्यात तुमची उत्तरं मधल्या सुट्टीतच यायची.

नंतर तुम्हीच कळवलंत, की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं कशी ठेवायची ते ठरवणाऱ्या जागतिक प्रमाणात, देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आमच्यासारख्या लिप्यांतलं जोडाक्षर मध्येच तोडू नये हा नियम त्यात आला तो २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. बत्तीस वर्षं! पहिलीतल्या मुलालाही ‘ण्या’ हे एक अक्षर वाटतं. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याला, लिहिणाऱ्याला विचारायला कुणाला तरी सुचायला हवं होतं, आणि ते सुचण्यासाठी हुशारी लागत नाही. आमच्या आजूबाजूला हुशार माणसं भरपूर आहेत. माहितगार म्हणून व्यासपीठावर बसतात, शाल-श्रीफळ घेतात. ‘मला हे येत नाही, तू सांग’ असं तेरा वर्षांच्या मुलीला म्हणणारा माणूस माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी क्वचितच पाहिला. आमच्या गावात असा एक होडीवाला होता. समुद्राची सगळी माहिती असून नव्या पोराला विचारायचा, ‘तुका काय वाटता, वारो खंयसून येता?’ तुमचं उत्तर वाचताना मला त्याची आठवण झाली.

आता किल्ला उभा आहे. तिन्ही विहिरींवर मराठी फलक आहेत आणि ‘स्वीट वॉटर वेल’ तिने स्वतःच पुसून टाकलं. तुम्ही तिचं ते वाक्य एडिटरच्या चाचण्यांच्या फायलीत घातलंत, म्हणजे उद्या कुणी बदल करताना ‘पाण्याची’ पुन्हा मोडलं तर तिथल्या तिथे कळेल. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी बाकं वाजवली.

त्या कागदावर तिने शेवटी शेरा लिहून पाठवला होता, तो मी तुम्हाला भाषांतर न करताच धाडला, कारण मलाच संकोच वाटला. तिने लिहिलं होतं, ‘प्रयत्न चांगला. शिरोरेषा पट्टीने काढावी.’ तुम्ही तो कुणाकडून वाचून घेतलात कोण जाणे. चार दिवसांनी दुसरा फोटो आला. तेच शब्द, तेच निळं पेन, ‘ऱ्या’ अगदी बरोबर, आणि वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीने ओढलेली सरळ शिरोरेषा. तो कागद आम्ही लॅबच्या दारावर लावलाय. खाली तिने लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे.

आपली,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शाळेची शिक्षिका