दर्यागीताला झील हवीच

संपादक महोदय,

लोकसंगीत महोत्सवांत ‘समुद्र’ हा विषय देऊन नव्या गीतांच्या स्पर्धा घेतल्या जातात, याचे स्वागतच करायला हवे. मात्र अशा एका स्पर्धेची अंतिम फेरी श्रोता म्हणून ऐकल्यावर तिच्या गुणपद्धतीविषयी लिहिणे आवश्यक वाटले. पहिल्या आलेल्या गीताला नऊ कडवी होती, ‘अथांग’ आणि ‘क्षितिज’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक कडव्यात होते आणि सभागृह शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले होते. दोन ओळींचे पालुपद असलेल्या एका साध्या गीताला मात्र दुसऱ्या कडव्यापासूनच मागच्या रांगांनी आपणहून झील धरली. त्याचे गुण ‘पुनरुक्ती’मुळे कापल्याचे परीक्षकांनी मंचावरूनच सांगितले.

पुनरुक्ती हा कवितेतला दोष असेलही. दर्यागीताचा मात्र तो कणा आहे. एकोणिसाव्या शतकात शिडांच्या व्यापारी जहाजांवर ‘शँटी’ नावाची जी गीते म्हटली जात, ती श्रमाची गीते होती. शीड चढवताना म्होरक्या एक ओळ म्हणे, तेवढ्यात बाकीचे खलाशी दोरावरची पकड सावरून दम घेत आणि पालुपदातल्या ठरलेल्या शब्दांवर सगळे मिळून हिसका देत. शिडाची जड आडवी काठी डोलकाठीवर वर सरके ती त्या शब्दांवर. नांगर उचलताना रहाट ढकलत गोल फिरायचे असे, म्हणून तिथली चाल पावलांची, सलग. काम लांबले तर म्होरक्या ऐन वेळी कडवी जुळवी, आणि संपले की गाणे असेल तिथे थांबे. नऊ कडव्यांची बांधेसूद रचना तिथे कुणाच्या उपयोगाची होती?

वाफेच्या जहाजांनी ती कामे संपवली, तेव्हा आजच्या गीतकाराने खोटा दोर ओढावा असे माझे म्हणणे नाही. ब्रिटिश गीतकार-गायक ईवान मॅकॉल यांनी १९६० साली बीबीसीच्या एका नभोवाणी कार्यक्रमासाठी हेरिंग मासेमारीवर गीत लिहिले, ते सॅम लार्नर या वृद्ध मच्छीमाराचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्यातल्या शब्दांच्या आधाराने. पुढे अनेकांनी ते पारंपरिकच समजून गायले. याहून मोठे पारितोषिक कोणती स्पर्धा देणार? डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटलंडच्या नेथन इव्हान्स या टपालवाल्याने न्यूझीलंडचे एक जुने देवमासे-शिकारीचे गीत टिकटॉकवर म्हटले, तेव्हाही अनोळखी माणसांनी त्याच्या आवाजात आपापला आवाज मिसळला आणि ते जगभर गेले. (जाणकार त्याला काटेकोर अर्थाने शँटी मानत नाहीत, तो वाद वेगळा.)

म्हणून आयोजकांना विनंती आहे की, निवड केवळ कागदावरच्या संहितेवरून करू नये. अंतिम फेरीत प्रत्येक गीत वाद्यांविना एकदा म्हणवून घ्यावे, पालुपद श्रोत्यांना आधी सांगू नये आणि ते कितव्या कडव्याला उचलले जाते याला स्वतंत्र गुण ठेवावेत. परीक्षकांत समुद्रावर प्रत्यक्ष काम केलेली एक तरी व्यक्ती असावी. कोणता दोर कधी ओढतात आणि कधी सोडतात, एवढे तरी ती तपासू शकेल. त्या दिवशीच्या विजेत्या गीतात भर वादळात सगळी शिडे उभारली होती आणि त्यावर कुणीच हरकत घेतली नाही.

आपला विश्वासू,
एक श्रोता